जिन्याखालचं म्युझियम

"दोन मुलं सांभाळायची, त्यात काय एवढं?" हे वाक्य वेलांटीकाका बोलले तेव्हा शुद्धलेखनाच्या दृष्टीने त्यात काहीही चूक नव्हती. बाकी सगळ्या दृष्टींनी होती.

उन्हाळ्याची सुट्टी लागून पंधरा दिवस झाले होते. ते पंधरा दिवस काकांच्या बायकोने रजा काढून निभावले होते आणि आता ती डोळ्यांच्या दवाखान्यात पुन्हा कामावर निघाली होती, जवळजवळ उड्या मारत. पुढचे पंधरा दिवस काकांच्या वाट्याचे. काका एका छापखान्यात मुद्रितशोधक होते, म्हणजे मजकूर छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका लाल पेनाने हुडकायच्या हे त्यांचं काम. हे काम ते घरी, जिन्यात, दुकानांच्या पाट्यांवर आणि आलेल्या लग्नपत्रिकांवरही करत, म्हणून त्या चार मजली इमारतीत लहानथोर सगळे त्यांना वेलांटीकाका म्हणत. पाठीमागे म्हणत, अशी काकांची समजूत होती.

"मी वेळापत्रक केलंय," ते बायकोला म्हणाले. "नऊ ते दहा वाचन, दहा ते अकरा चित्रकला, अकरा ते बारा..."

"बारा वाजतील," ती म्हणाली आणि चपला घालून गेली.

वाचन नऊ वाजून सात मिनिटांनी संपलं. चित्रकला जरा जास्त टिकली, पण ती कागदावर नव्हती. दहा वर्षांची थोरली आणि सहा वर्षांचा धाकटा या दोघांनी मिळून बैठकीच्या खोलीच्या भिंतीवर एक घोडा काढला होता, आणि घोडा इतका चांगला जमला होता की काकांना रागवावं की कौतुक करावं हे ठरेना. तेवढ्यात घोड्याला शेपटी काढण्यावरून दोघं एकमेकांचे केस ओढू लागली आणि प्रश्न सुटला.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत काकांकडे सल्ल्यांची रीघ लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, "दुपारी झोपवा हो. मी माझ्या तिघांना एका गोष्टीत झोपवत असे." दुसऱ्या दिवशी काकांनी गोष्ट सांगितली. गोष्टीने झोप आली हे खरं, पण ती काकांना आली. जाग आल्यावर ते दूध आणायला खाली गेले, आणि दुकानदार आपल्याकडे बघून का हसतोय हे त्यांना घरी येऊन आरशात बघेपर्यंत कळलं नाही. त्यांच्या नाकावर लाल शाईने 'काढून टाका' अशी प्रुफातली खूण होती. दोन्ही भुवयांच्या मध्ये 'इथे जागा कमी करा' अशी दुसरी.

पहिल्या मजल्यावरच्या वकीलकाकांनी सल्ला दिला, "लेखी करार करा. मुलांनाही कायदा कळतो." करार झाला. दोन्ही पक्षांच्या सह्या झाल्या. अर्ध्या तासाने आतून धाडकन आवाज आला. काका करार फडकवत धावले, तर थोरली शांतपणे म्हणाली, "बाबा, यात 'भांडणार नाही' असं लिहिलंय. आम्ही भांडत नाहीये. आम्ही नुसती मारामारी करतोय."

तिसरा सल्ला सोसायटीच्या सेक्रेटरींचा. सेक्रेटरी चौथ्या मजल्यावर राहत, करड्या आवाजात बोलत, आणि साठीतही त्यांच्या डोक्यावर काळ्याभोर केसांचं रान होतं. ते म्हणाले, "मुलांना जबाबदारी द्या. गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालू द्या." मुलांनी घातलं. मनापासून घातलं. इमारतीच्या टाकीत थेंबही न उरेपर्यंत घातलं. त्या संध्याकाळी ज्यांनी सल्ला दिला त्याच सेक्रेटरींच्या सहीची ताकीद काकांच्या दारावर चिकटली. ताकिदीत 'पाणी' शब्दाची वेलांटी ऱ्हस्व होती. काकांनी ती दुरुस्त केली आणि तेवढ्यावर समाधान मानलं.

चौथ्या दिवशी मुलं माळ्यावर चढली. काका न्हाणीघरातून बाहेर येतात तो बैठकीत जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही. बंद पडलेला रेडिओ, तीन चाकांची ढकलगाडी, बिस्किटांचे जुने डबे, एकाच पायाचा मोजा, कुठल्या कुलपाच्या म्हणून कुणालाच ठाऊक नसलेल्या किल्ल्यांचा जुडगा. टॉवेल सावरत काका ओरडले, "हे घर आहे की म्युझियम?"

दोघंही गप्प झाली. मग थोरलीच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकलं. "बाबा, म्युझियम करायला काय लागतं?"

बापमाणसाने अशा वेळी "काही लागत नाही, आधी हे उचला" असं म्हणावं. पण चार दिवसांत पहिल्यांदाच घरात शांतता पसरली होती, आणि माणूस शांततेसाठी काय वाटेल ते बोलून जातो. काका म्हणाले, "वस्तू लागतात. आणि प्रत्येक वस्तूखाली तिची माहिती देणारी चिठ्ठी. खरी माहिती हं, मनाची नाही."

झालं. तासाभरात दोघं वही-पेन घेऊन सगळी इमारत पालथी घालायला निघाली. काकांनी पंखा लावला, पाय पसरले आणि स्वतःच्या हुशारीवर इतके खूश झाले की त्यांनी दवाखान्यात फोन करून बायकोलाही ते कळवलं.

मुलांची पद्धत अशी होती. थोरली दार वाजवायची, नमस्कार करायची आणि विचारायची, "तुमच्याकडे अशी एखादी वस्तू आहे का, जी उपयोगाची नाही पण टाकवत नाही?" अशी वस्तू नसलेलं घर अजून बांधलं गेलेलं नाही. वस्तू आली की थोरली माहिती विचारून लिहून घ्यायची, आणि माहिती संपली की धाकटा एकच शब्द बोलायचा. "का?"

या 'का'मध्ये काय ताकद होती हे त्याच्या आईबापांना सोडून कुणालाच माहीत नव्हतं. तो उद्धटपणे विचारत नसे. मान वर करून, तोंड थोडं उघडं ठेवून, खरोखर जाणून घ्यायचंय म्हणून विचारायचा, आणि उत्तर आलं की त्याच सुरात पुन्हा विचारायचा. वकीलकाकांनी उभं आयुष्य साक्षीदारांना 'विचारलं तेवढंच सांगा' हे शिकवण्यात घालवलं होतं. ते चौथ्या 'का'ला फुटले. मावशी दुसऱ्यालाच.

तीन दिवसांत त्रेचाळीस वस्तू जमल्या. त्या घरात मावेनात, तेव्हा जिन्याखालची खोली मागायचं ठरलं. त्या खोलीत मोडक्या खुर्च्या आणि रंगाचे रिकामे डबे यांखेरीज काही नव्हतं, पण ती मागितल्याबरोबर ती सोसायटीची अत्यंत मोलाची मालमत्ता झाली.

"अर्ज द्या. तीन प्रतींत," सेक्रेटरी म्हणाले. "कमिटीपुढे ठेवतो."

"कमिटीत कोण कोण असतं?"

"हजर मी एकटाच असतो. पण ठेवावा लागतो."

कमिटीने अर्ज मंजूर केला, एका अटीवर. बाहेरचे लोक येणार असतील तर पालिकेची परवानगी हवी. काकांनी दोन्ही मुलांना बरोबर घेतलं आणि ते पालिकेच्या कचेरीत गेले. करमणूक विभागातले साहेब म्हणाले, "तिकीट आहे का?"

"छे, मुलांचं प्रदर्शन आहे."

"मग आमच्याकडे येत नाही. तिकीट नाही ती करमणूक नाही."

"का?" धाकट्याने विचारलं.

"नियम आहे बाळ."

"का?"

"कारण... कुणीतरी केलाय."

"का?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग काकांकडे वळून खालच्या आवाजात म्हणाले, "याला शिक्षण विभागात घेऊन जा."

शिक्षण विभागाने विचारलं, शेवटी परीक्षा आहे का? नाही? मग ते शिक्षण कसलं? आरोग्य विभागाने मुलांच्या जिभा तपासल्या आणि परत पाठवलं. शेवटी गॅलरीच्या टोकाला उद्यान विभाग लागला. तिथे एका टेबलावर एक कुंडी होती आणि कुंडीमागे एक भले गृहस्थ होते, ज्यांच्याकडे बऱ्याच महिन्यांत कुणी आलं नसावं. त्यांनी दोघांना लिमलेटच्या गोळ्या दिल्या. "मुलं म्हणजे बागच की हो," असं म्हणून त्यांनी छापील परवाना काढला, तारीख घातली, शिक्का मारला. परवान्यावर लिहिलं होतं की सदर उद्यानातील फुले तोडू नयेत व हिरवळीवरुन चालू नये.

इथे कुणाचाही जीव भांड्यात पडला असता. पण 'हिरवळीवरुन' मधला 'रु' ऱ्हस्व होता. काकांनी परतीच्या वाटेवर खूप धीर धरला, खिशातल्या लाल पेनाला हात लावायचा नाही असं स्वतःला बजावलं, आणि इमारतीच्या फाटकाशी आल्यावर तो दुरुस्त केला. सेक्रेटरींनी कागद उजेडात धरून बघितला. "खाडाखोड आहे. असा कागद चालत नाही." काका निमूट परत गेले. कुंडीमागच्या गृहस्थांनी आनंदाने दुसरा परवाना दिला, पुन्हा गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "येत जा असेच."

राहता राहिल्या चिठ्ठ्या. शनिवारी दुपारी थोरलीने त्रेचाळीस चिठ्ठ्यांचा गठ्ठा काकांपुढे ठेवला. काकांनी बाह्या सरसावल्या. मुद्रितशोधनाचं एक मर्म आहे, ते इथे सांगायला हवं. शोधक मजकूर वाचत नाही. वाचायला लागला की अर्थात गुंततो आणि चूक निसटते. तो अक्षरं बघतो, काने-मात्रे बघतो, ऱ्हस्व-दीर्घ बघतो. काकांनी बावीस वर्षांत स्वयंपाकाची पुस्तकं, न्यायालयाचे निकाल आणि विरहकविता सारख्याच शांतपणे तपासल्या होत्या. त्रेचाळीस चिठ्ठ्या त्यांनी चाळीस मिनिटांत हातावेगळ्या केल्या. थोरलीने त्या सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून काढल्या, आणि पोर गुणाची म्हणून प्रत्येकीखाली न चुकता एक ओळ टाकली, 'शुद्धलेखन : बाबा, तिसरा मजला.'

रविवारी सकाळी दहा वाजता जिन्याखालच्या खोलीपुढे गर्दी झाली. आपली वस्तू कुठे ठेवलीय आणि शेजाऱ्याची कुठे, हे बघायला सगळी इमारत लोटली होती. शेजारच्या दोन इमारतींमधूनही माणसं आली होती. सेक्रेटरींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि फीत कापायला घरून कात्री आणली होती. टाळ्या झाल्या. फीत कापली गेली. लोक आत शिरले आणि वाचू लागले.

पहिला आवाज मावशींचा आला. आवाज म्हणजे हुंकार आणि किंकाळी यांच्यामधलं काहीतरी. त्यांच्या वस्तूखाली लिहिलं होतं, 'नक्षीचा चमचा. मावशींनी एका लग्नातून चुकून आणला. चुकून आणलेले असे आणखी अकरा आहेत.'

शेजारीच वकीलकाका दगडासारखे उभे होते. 'पितळी कप. वक्तृत्व स्पर्धेत मिळाला असं वकीलकाका सर्वांना सांगतात. खरं म्हणजे त्यांनी तो दुकानातून घेतला. कारण त्यांच्या भावाला मिळाला होता आणि त्यांना नाही. कारण ते स्टेजवर गेले आणि भाषण विसरले.'

"अब्रुनुकसानी!" वकीलकाका गरजले. "मी दावा लावीन!"

"पण काका, तुम्हीच सांगितलंत," थोरली म्हणाली.

"मी दबावाखाली सांगितलं!"

"कुणाच्या?"

वकीलकाकांनी बोट धाकट्याकडे रोखलं. धाकटा बिस्कीट खात होता.

मग एकेकाची नजर चिठ्ठीच्या शेवटच्या ओळीवर गेली, आणि तिथून सगळ्या नजरा मिळून काकांवर आल्या. "वेलांटीकाका," मावशी म्हणाल्या. तोंडावर म्हणाल्या. "तुम्ही हे सगळं वाचलंत, आणि तरी लावू दिलंत?"

"मी वाचलं नाही!" काका कळवळून म्हणाले. "मी तपासलं!"

हा फरक जगात कुणालाही समजावून सांगणं शक्य नाही हे त्यांना बोलता बोलताच कळलं. त्यांनी पळायला जागा शोधली, पण दारात सेक्रेटरी उभे होते. सेक्रेटरी मधल्या टेबलाकडे बघत होते. टेबलावर काळसर, केसाळ, मुटकुळं करून बसल्यासारखं काहीतरी होतं, आणि त्याखाली लिहिलं होतं, 'हा प्राणी नाही. हा सेक्रेटरीकाकांचा जुना टोप आहे. काकूंनी दिला. नवा टोप जास्त काळा आहे.'

सेक्रेटरींचा हात सावकाश स्वतःच्या डोक्याकडे गेला आणि तिथेच थांबला. काकांना वाटलं, आता आपल्याला ही इमारत सोडावी लागणार. कदाचित गावही.

"अहो," गर्दीतून सेक्रेटरींच्या पत्नीचा आवाज आला, "सगळ्यांना माहीतच आहे."

"सगळ्यांना?" सेक्रेटरींनी इकडेतिकडे बघितलं. सगळ्यांनी नजर चुकवत माना डोलावल्या. शेजारच्या इमारतीतल्या लोकांनीसुद्धा. "कधीपासून?"

"तुम्ही गच्चीवर झेंड्याची काठी धरायला गेला होतात ना, वारा सुटला होता," वकीलकाका खाकरून म्हणाले, "तेव्हापासून. दोन वर्षं झाली असतील."

सेक्रेटरींनी टोप काढला, खिशातून रुमाल काढला, आणि चकचकीत डोकं पुढून मागे, मागून पुढे असं निवांत पुसलं. "दोन वर्षं!" ते म्हणाले. "दोन उन्हाळे मी याच्याखाली उकडून निघतोय हो!" आणि त्यांनी नवा टोप जुन्याच्या शेजारी मांडला.

कुणीतरी फिस्सकन हसलं. ते खुद्द सेक्रेटरी होते. मग जे हसू सुटलं ते आवरेना. मावशींना उचकी लागली. वकीलकाका भिंतीला टेकून गदगदत होते. खोलीभर माणसं एकमेकांच्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचून डोळे पुसत होती, आणि ज्यांच्या घरची वस्तू प्रदर्शनात नव्हती ते चक्क रुसले. "आमच्याकडे कुणी आलंच नाही," शेजारच्या इमारतीतल्या एक बाई थोरलीला म्हणाल्या. "माझ्याकडे तर असं काहीतरी आहे ना, की ऐकशील तर..." त्यांनी वही मागून घेतली आणि स्वतःच लिहायला बसल्या. त्यांच्यामागे रांग लागली. मावशी वर जाऊन उरलेले अकरा चमचे घेऊन आल्या. 'संच पूर्ण असलेला बरा,' म्हणाल्या.

उद्घाटनाचं भाषण मात्र राहिलंच होतं, कारण सेक्रेटरी आता बोलण्याच्या अवस्थेत नव्हते. तेव्हा वकीलकाका एका मोडक्या खुर्चीवर चढले. घसा साफ केला. लोक थांबले. खुर्ची एका बाजूला कलत होती ती काकांनी धरून ठेवली. वकीलकाका सात मिनिटं बोलले, एकही शब्द न विसरता, आणि 'माणसाच्या अडगळीतच त्याचा खरा पत्ता असतो' असं काहीतरी म्हणून खाली उतरले. टाळ्या थांबेनात. धाकट्याने टेबलावरचा पितळी कप दोन्ही हातांनी उचलून त्यांना दिला. स्पर्धक एकच असल्यामुळे पहिल्या नंबराबद्दल वाद झाला नाही. वकीलकाकांनी कप घेतला आणि पुढचा बराच वेळ ते भिंतीकडे तोंड करून उभे होते.

एक वाजता काकांची बायको रविवारची अर्धी पाळी संपवून दवाखान्यातून आली, तेव्हा रांग फाटकाबाहेर गेली होती. ती आपल्याच मुलांच्या म्युझियममध्ये रांगेतून शिरली. खिडकीखालच्या बुटांपाशी थांबली. 'बाबाचे पळायचे बूट. दोनदा घातले. एकदा दुकानात.' ती इतकी हसली की तिला बाजूला व्हावं लागलं. काकांनी आपला अपमान गिळला. निदान आपलं प्रकरण बुटांवर भागलं, असं ते स्वतःशी म्हणाले.

पण ती पुढच्या टेबलाजवळ गेली आणि हसायची थांबली. काकांनी तिच्या खांद्यावरून बघितलं. बिस्किटांच्या जुन्या डब्यातला कागदांचा गठ्ठा होता. 'बाबाची कादंबरी. कागद दोनशे. एक पान लिहिलेलं आहे. त्यावरची तारीख अकरा वर्षांपूर्वीची आहे. त्या पानात चूक एकही नाही.'

"तू मला कधी सांगितलं नाहीस," बायको म्हणाली.

"सांगण्यासारखं काय होतं? एक पान." काका जमिनीकडे बघत म्हणाले. "अधूनमधून काढायचो, वाचायचो, एखादा शब्द बदलायचो. पुढे जायचो नाही. पुढे गेलं की चुकतं."

तिने ते पान उचललं आणि वाचलं. मग मावशींनी वाचलं, मग वकीलकाकांनी मोठ्याने वाचून दाखवलं. एक माणूस खूप वर्षांनी एका घरापाशी येतो, पायऱ्या चढतो, आणि दाराच्या कडीवर हात ठेवतो. पान संपलं.

"आणि?" मावशी म्हणाल्या. "आत काय आहे?"

"प्रेत," वकीलकाका म्हणाले. "उघड आहे."

"छे! बायको असणार त्याची. इतकी वर्षं कुठे होतास म्हणून विचारायला."

"आत," काका घुटमळत म्हणाले, "त्याचा भूतकाळ आहे."

"म्हणजे कोण?" मावशींनी विचारलं.

गंमत अशी की दुपारभर जो येत होता तो हेच विचारत होता. अनोळखी माणसं त्यांना जिन्यात गाठून आत काय आहे म्हणून विचारत होती. सेक्रेटरी टक्कल कुरवाळत म्हणाले, "सांगा हो लवकर, मला चैन पडत नाही." अकरा वर्षांत हे पान काकांशिवाय कुणी वाचलं नव्हतं, आणि काकांनीही ते वाचलं नव्हतं. तपासलं होतं.

चार वाजता खोलीला कुलूप लागलं. काका वर आले, टेबलापाशी बसले आणि त्यांनी दुसरा कोरा कागद पुढे ओढला. थोरली उजव्या खांद्याला येऊन टेकली, धाकटा डाव्या मांडीवर चढला.

"बाबा, आत मगर आहे," धाकटा म्हणाला.

"मगर नाही. ही गंभीर कादंबरी आहे."

"मगर पण गंभीर आहे," थोरली म्हणाली. "ती खूप वर्षं त्याची वाट बघतेय. तिला त्याच्याशी बोलायचंय."

"मगर घरात कशी येईल?"

"लिही ना, मग कळेल."

स्वयंपाकघराच्या दारात बायको हात पुसत उभी होती. "मोठी मगर आहे का रे?" तिने विचारलं.

काकांनी तिघांकडे बघितलं. मग पेन उघडलं आणि पुढे झुकले. अकरा वर्षं कडीवर हात ठेवून उभ्या असलेल्या त्या बिचाऱ्या माणसाने अखेर दार ढकललं.

आत मगर होती.